तिथी पाहून अलिबाग

अलिबागच्या सहलीचा दिवस ओहोटी पाहून ठरवावा लागतो. गावासमोर समुद्रात उभा असलेला कुलाबा किल्ला भरतीच्या वेळी पाण्याने वेढलेला असतो आणि काठावरूनच पाहावा लागतो. पाणी उतरले की ओल्या वाळूवरून चालत थेट दरवाज्यापर्यंत जाता येते. ही वाट दिवसातून दोनदा उघडते आणि दोनदा मिटते, शिवाय तिची वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. गिरगाव, लालबाग, परळ किंवा दादरहून शनिवारी सकाळी निघून रविवारी रात्री परतणाऱ्यांच्या वाट्याला उजेडातल्या दोन-तीनच ओहोट्या येतात. त्यातली एक चुकली आणि दुसरी भल्या पहाटे असली, तर किल्ला न पाहताच परतावे लागते. मुंबईकरांच्या बाबतीत हे सर्रास घडते, कारण राहण्याची जागा महिनाभर आधी ठरते आणि समुद्राची वेळ काठावर पोचल्यावर विचारली जाते.

ही वेळ घरबसल्या काढता येते. कोकण किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या वापरात असलेला हिशेब सोपा आहे: त्या दिवशीच्या तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, जे उत्तर येईल तितक्या वाजता पूर्ण भरती असते. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास आणि पहाटेही तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या आसपास. भरतीनंतर सहा तासांहून थोड्या अधिक वेळाने पूर्ण ओहोटी येते. हा हिशेब मुंबई-अलिबागच्या किनाऱ्याला चांगला लागू पडतो, पण त्यात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक धरावा आणि निघण्याच्या आदल्या दिवशी मुंबई बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्याशी तो ताडून पाहावा. तिथी महिनाभर आधी कळते म्हणून बेत आखायला तिथी वापरावी आणि प्रत्यक्ष पाण्यात पाऊल टाकायला तक्ता.

वेळेइतकेच महत्त्व पाणी किती उतरते याला आहे. पौर्णिमा आणि अमावास्येला सूर्य-चंद्रांची ओढ एका रेषेत येते; त्या दिवसांत आणि त्यानंतरचे दोन-तीन दिवस समुद्राला उधाण असते. उधाणात पाणी जितके वर चढते तितकेच खाली उतरते. सप्तमी-अष्टमीच्या सुमारास ही ओढ एकमेकींना काटकोनात येते आणि भांगाची भरती लागते: चढ कमी, उतारही कमी. भांगाच्या ओहोटीत किल्ल्याची वाट पूर्ण कोरडी होईलच असे नाही, गुडघाभर पाण्यातून जावे लागू शकते. याच दिवसांत ओहोटी भर दुपारी येते, त्यामुळे डोक्यावर ऊनही असते.

या दोन्ही गोष्टी जुळवल्या की सर्वांत सोयीच्या तिथी आपोआप पुढे येतात. शुक्ल असो वा कृष्ण, तृतीया ते पंचमीच्या दरम्यान ओहोटी सकाळी साडेआठ ते दहाच्या सुमारास येते आणि उधाणाचा जोर अजून पुरता ओसरलेला नसतो. शनिवारी मुक्कामाला पोचून रविवारी सकाळी किल्ला पाहायचा असेल, तर रविवार या तिथींपैकी एकीवर यावा. एकादशी ते त्रयोदशीला ओहोटी दुपारी अडीच ते चारच्या आसपास असते. शनिवारी सकाळची लाँच पकडून, जेवून, दुपारीच किल्ला उरकणाऱ्यांना त्या सोयीच्या. गंमत म्हणजे एक पंधरवडा साधारण पावणेपंधरा दिवसांचा असल्यामुळे दोन आठवड्यांनंतरच्या त्याच वाराला ओहोटी जवळजवळ त्याच वेळी येते, फक्त अर्धा-पाऊण तास अलीकडे. एक शनिवार हुकला तर त्याच्यापुढचा सोडून तिसरा धरावा. पौर्णिमेची रात्र किनाऱ्यावर घालवायला अनेकांना आवडते, पण त्या दिवशी ओहोटी सकाळी सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास असते. किल्ल्यात जाऊन उजेडात परतायला दोन्ही वेळा अडचणीच्या.

ओहोटीच्या आधी दीड-दोन तास आणि नंतर तितकेच, एवढा काळ वाट चालण्याजोगी असते असे धरून चालावे. परतीचा विचार मात्र अधिक काटेकोरपणे करायला हवा, कारण पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही. भरती सुरू झाल्यावर पहिल्या तासात एकूण चढाच्या बाराव्या भागाइतकेच पाणी वाढते, दुसऱ्या तासात दोन भाग, तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी तीन भाग. म्हणजे सुरुवातीला फारसे काही घडत नाही असे वाटते आणि मग तासाभरात चित्र बदलते. किल्ला आणि गाव यांच्यामधली वाळू मध्ये खोलगट असल्याने पाणी आधी तिथे शिरते. किल्ल्याच्या पायथ्याशी कोरड्या खडकावर उभ्या असलेल्या माणसाला ते लक्षात येत नाही. पर्यटक किल्ल्यात अडकून पडल्याच्या आणि वाळूवर उतरवलेल्या गाड्या लाटांत सापडल्याच्या बातम्या पुन्हापुन्हा येतात. किनाऱ्यावरचे टांगेवाले आणि होडीवाले हे पाणी रोज पाहतात. त्यांनी "आता निघा" म्हटले की निघावे.

तिथीनंतर ऋतू. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा अलिबागचा उत्तम काळ: हवा कोरडी, समुद्र शांत, लाँच नियमित. नाताळ ते नववर्ष हा आठवडा मात्र टाळलेला बरा. गर्दीत गाव दिसतच नाही. मार्गशीर्ष पौर्णिमेच्या सुमारास चौल-भोवाळ्याच्या दत्ताची जत्रा भरते, ती पाहायची असेल तर मुद्दाम तेव्हा जावे आणि नसेल तर तो आठवडा सोडावा. एप्रिल-मेमध्ये उकाडा जबर असतो. पावसाळ्यात वाड्या, भातखाचरे आणि डोंगर यांचे रूप सर्वांत सुंदर, पण गेटवेच्या लाँच जूनपासून ऑगस्टअखेरपर्यंत बंद असतात, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असल्याने ताजी मासळी कमी मिळते आणि किल्ल्याकडे चालत जाण्याचा विचारही करू नये.

मुंबईहून जाण्याचे मार्ग तीन. गेटवे ऑफ इंडियाहून मांडव्याला लाँच आणि कॅटमरान सुटतात. पाण्यावरचा प्रवास सुमारे तासाभराचा. बहुतेक कंपन्यांच्या तिकिटातच मांडवा ते अलिबाग या वीसेक किलोमीटरच्या टप्प्याची बस धरलेली असते. गिरगावातून हा मार्ग सर्वांत सरळ, आणि आता भुयारी मेट्रोने गिरगाव किंवा दादरहून हुतात्मा चौकापर्यंत येऊन गेटवेपर्यंत चालत जाता येते. दुसरा मार्ग माझगावच्या भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला जाणाऱ्या रो-रो बोटीचा. मार्च २०२० मध्ये सुरू झालेली ही बोट मोटारीसह प्रवासी नेते आणि हवामान ठीक असेल तर पावसाळ्यातही चालते. लालबाग-परळच्या लोकांना धक्का टॅक्सीने जवळ. लोकलने यायचे तर हार्बर मार्गावरचे डॉकयार्ड रोड हे स्थानक. म्हाताऱ्या माणसांना लाँचच्या हलत्या पायऱ्यांपेक्षा रो-रोची रुंद फळी सुखाची वाटते, हा तिचा मोठा गुण आहे.

तिसरा मार्ग रस्त्याचा: पनवेल, पेण, वडखळ, पोयनाड, कार्लेखिंड, अलिबाग. अंतर शंभर किलोमीटरच्या आत-बाहेर. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी-न्हावाशेवा अटल सेतू खुला झाल्यापासून परळ-शिवडीकडून निघणाऱ्या मोटारींचा शहरातून बाहेर पडण्याचा वेळ खूप वाचतो. दुचाकींना मात्र त्यावर परवानगी नाही. एसटीने जाणाऱ्यांना हाच मार्ग. पोयनाडजवळून जाताना चरी या गावाची आठवण ठेवावी. खोतीच्या जाचाविरुद्ध नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने इथल्या कुळांनी १९३३ मध्ये जमीन कसणे बंद केले आणि हा संप १९३९ पर्यंत टिकवला. शेतकऱ्यांनी इतकी वर्षे स्वतःच्या पोटाला चिमटा घेऊन चालवलेला लढा देशाच्या इतिहासात विरळा आहे, आणि रस्त्याने जाणाऱ्या हजारो गाड्यांतल्या फार थोड्यांना त्याची कल्पना असते.

समुद्रमार्गालाही त्याचा इतिहास आहे. मांडव्याची वर्दळ वाढण्याआधी अलिबागकडे जाणारा माणूस भाऊच्या धक्क्यावरून रेवसला उतरत असे आणि पुढे बसने जाई. १७ जुलै १९४७ रोजी सकाळी 'रामदास' ही बोट याच मार्गावर निघाली. आषाढी अमावास्येचा दिवस, पोटापाण्यासाठी मुंबईत राहिलेली अलिबाग-पेण भागातली माणसे सणाला घरी निघालेली. मुंबई बंदराबाहेर काश्याच्या खडकाच्या परिसरात खवळलेल्या समुद्रात बोट कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. महिन्याभरात देश स्वतंत्र झाला आणि ही दुर्घटना त्या धामधुमीत मागे पडली, पण रायगडातल्या अनेक घरांत ती विसरली गेलेली नाही. लाँचवर जीवरक्षक जाकीट घालायला सांगितले तर ते अंगात चढवावे, आणि वारा असताना खलाशाने फेरी रद्द केली तर वाद घालू नये.

कुलाबा किल्ल्याच्या बांधकामाला शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये, आयुष्याच्या अगदी अखेरीस हात घातला आणि संभाजी महाराजांच्या काळात तो पुरा झाला. त्याच्या आदल्याच वर्षी, १६७९ मध्ये, मुंबई बंदराच्या तोंडाशी खांदेरी बेटावर महाराजांनी तटबंदी सुरू केली होती. इंग्रजांनी ती थांबवण्यासाठी जहाजे पाठवली, मायनाक भंडारी आणि दौलतखान यांच्या आरमाराने ती झुंज निभावली, आणि खांदेरी मराठ्यांकडेच राहिली. कुलाबा हा याच धोरणाचा पुढचा टप्पा होता: मुंबईचे इंग्रज, जंजिऱ्याचा सिद्दी आणि चौलचे पोर्तुगीज या तिघांच्या मधोमध मराठ्यांचे ठाणे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिलेल्या बारा मराठा किल्ल्यांत खांदेरी आहे. तिथे ठरलेली फेरी नाही. थळच्या किनाऱ्यावरून समुद्र शांत असताना होडी करून जावे लागते. बेटावर वेताळाचे स्थान आहे आणि कोळी समाजाची त्याच्यावर मोठी श्रद्धा आहे.

कुलाब्याच्या तटाकडे जवळून पाहावे. प्रचंड दगड एकावर एक नुसते बसवलेले आहेत, सांध्यांत चुना भरलेला नाही. लाट आदळली की पाणी या फटींतून आत शिरते आणि परत जाते, त्यामुळे धक्क्याचा जोर विखुरतो. सव्वातीनशेहून अधिक वर्षे पावसाळ्यामागून पावसाळे झेलून तट उभा आहे, याचे श्रेय या रचनेला दिले जाते. तटाला सतरा बुरूज आहेत. आत गोड्या पाण्याचे तळे आणि विहीर आहे. भरसमुद्रात किल्ला लढवता आला तो या पाण्यामुळे. तळ्याजवळचे सिद्धिविनायकाचे पंचायतन मंदिर १७५९ मध्ये राघोजी आंग्रे यांनी बांधले. गणपती, शंकर, विष्णू, सूर्य आणि देवी यांच्या मूर्ती तिथे एकत्र आहेत, पूजा आजही चालते. जवळच एका पिराचा दर्गाही आहे. उत्तरेच्या तटावर गाड्यांसह दोन इंग्रजी तोफा आहेत आणि त्यांच्यावर यॉर्कशायरच्या कारखान्याचे नाव कोरलेले आहे. किल्ल्याच्या उत्तरेला, खडकांच्या पट्ट्याने जोडलेला सर्जेकोट हा छोटा कोट आहे. ओहोटी मोठी असेल आणि वेळ हाताशी असेल तरच तिकडे जावे. सगळा किल्ला नीट पाहायला दीड तास पुरतो.

या किल्ल्याला नाव मिळाले ते कान्होजी आंग्रे यांच्यामुळे. सरखेल कान्होजींनी सतराव्या शतकाच्या अखेरीपासून १७२९ पर्यंत कोकण किनाऱ्यावर अशी सत्ता उभी केली की त्यांच्या दस्तकाशिवाय व्यापारी जहाजाला निर्धास्त फिरता येत नसे. इंग्रज त्यांना चाचा म्हणत, पण आपल्या पाण्यातून जाणाऱ्यांकडून जकात घेणे हा कोणत्याही सत्तेचा हक्क आहे आणि कान्होजी छत्रपतींचे नेमलेले सरखेल होते. मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने विजयदुर्ग आणि खांदेरीवर मोहिमा काढल्या, त्या फसल्या. अखेर १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र आले आणि कमोडोर मॅथ्यूजच्या युद्धनौकांसह हजारोंचे सैन्य कुलाब्यावर चालून गेले. त्यांचा हल्ला फसला, पिलाजी जाधव आणि पाठोपाठ बाजीराव पेशवे मदतीला आले, आणि पोर्तुगीजांनी मराठ्यांशी वेगळा तह करून अंग काढून घेतले. त्याच मुंबईत आज भारतीय नौदलाचा तळ 'आयएनएस आंग्रे' या नावाने आहे.

कान्होजींची समाधी गावात छत्रीबागेत आहे, बाजारापासून चालत जाण्याच्या अंतरावर. किल्ला पाहायला आलेल्यांपैकी फार थोडे इथवर येतात, ही खरोखर खेदाची गोष्ट आहे. दगडी कोरीवकाम शांतपणे पाहण्यासारखे आहे आणि अर्धा तास पुरतो. किनाऱ्याजवळचा हिराकोटही कान्होजींनीच १७२० मध्ये बांधलेला. १८४० मध्ये आंग्र्यांचे संस्थान इंग्रजांनी खालसा केले, तेव्हापासून त्याचा तुरुंग झाला. तो बाहेरूनच पाहावा लागतो.

अलिबागेतली आणखी एक वास्तू मुंबईच्या ट्रामशी थेट जोडलेली आहे. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४० च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी घेतल्या जात. १८५९ च्या सप्टेंबरमध्ये सूर्यावरच्या स्फोटामुळे पृथ्वीवर आलेले प्रचंड चुंबकीय वादळ तिथे टिपले गेले, आणि ती नोंद आजही जगभरचे शास्त्रज्ञ अभ्यासतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शहरात घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेची ट्राम आणायचे ठरले. अशा ट्रामची वीज रुळांतून परत जाताना काही प्रमाणात जमिनीत झिरपते आणि तिच्यामुळे आसपासचे चुंबकीय क्षेत्र सतत ढवळले जाते. सुईच्या अतिसूक्ष्म हालचाली मोजणाऱ्या उपकरणांचा मग काहीच उपयोग उरत नाही. वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांच्या काळात मुंबईपासून जवळ, पण विजेपासून दूर अशी जागा म्हणून अलिबागची निवड झाली आणि १९०४ मध्ये इथे चुंबकीय वेधशाळा सुरू झाली. इमारतीसाठी चुंबकीय गुण नसलेला पोरबंदरचा दगड वापरला गेला. बदली करताना सुमारे दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुन्या आणि नव्या आकड्यांची सांगड घालता यावी. या शिस्तीमुळे मुंबई-अलिबागची नोंद पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ अखंड राहिली आहे. जगात अशा मालिका मोजक्याच. विजेची ट्राम १९०७ मध्ये धावू लागली आणि ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदर ते दादर ही तिची शेवटची फेरी झाली. ट्राम गेली, वेधशाळा अलिबागेतच राहिली, आणि आज ती भारतीय भूचुंबकत्व संस्थेचा भाग आहे. रोजचे शास्त्रीय काम चालते, म्हणून आत जायचे तर आधी विचारावे. शाळकरी मुले बरोबर असतील तर ही खटपट जरूर करावी.

गावातल्या इस्रायल आळीत 'मागेन अबोथ' हे बेने इस्रायली लोकांचे प्रार्थनामंदिर आहे. ते १८४८ चे आणि १९१० मध्ये पुन्हा बांधलेले. या समाजाच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज जवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले. तेल गाळण्याचा धंदा करणारी आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारी ही मंडळी कोकणात 'शनवार तेली' म्हणून ओळखली जात. दिवेकर, केहिमकर, नवगावकर अशी त्यांची आडनावे कोकणातल्या गावांवरून आली. मुंबईच्या मांडवी भागातले १७९६ चे सिनेगॉग उभारणारे कुटुंब दिवेकरांचेच. १९४८ नंतर बहुतेक जण इस्रायलला गेले, पण मराठी बोलणे त्यांनी तिथेही सोडले नाही. ज्या समाजाने शनिवारच्या नियमावरून नाव मिळवले, त्यांच्या प्रार्थनामंदिरात शनिवारी पर्यटक म्हणून जाऊ नये. रविवार ठेवावा आणि राखणदाराची परवानगी घ्यावी.

दुसरा दिवस दक्षिणेकडच्या रस्त्याला द्यावा. आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा ही गावे अलिबागपासून सतरा-अठरा किलोमीटरच्या पट्ट्यात एकामागून एक येतात आणि रस्ता नारळी-पोफळीच्या वाड्यांतून जातो. आक्षीला शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२ चा शिलाहारकालीन शिलालेख आहे आणि मराठीतला सर्वांत जुना कोरीव लेख म्हणून अनेक अभ्यासक त्याच्याकडे पाहतात. मराठी माणसाने नागावच्या पाण्यातल्या खेळांकडे धावण्याआधी इथे दहा मिनिटे थांबायला हवे.

चौल हे मुंबईहून कितीतरी जुने बंदर. पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशांच्या मार्गदर्शिकेत ते सेमुल्ला या नावाने येते, टॉलेमीच्या भूगोलातही येते. रशियाचा व्यापारी अफनासी निकितिन पंधराव्या शतकात, वास्को द गामा कालिकतला पोचण्याच्या आधी, चौललाच उतरला होता. विकण्यासाठी त्याने एक घोडा आणला होता. रेवदंड्यात त्याचे स्मारक उभारले आहे. १५०८ मध्ये चौलच्या खाडीत इजिप्त आणि गुजरातच्या आरमाराने पोर्तुगीजांना हरवले. तरीही १५२१ पासून पोर्तुगीजांनी रेवदंड्याला आपले शहर वसवले, १५७०-७१ मध्ये निजामशाहीचा दीर्घ वेढा झेलला, आणि १७४० मध्ये तहाने ते मराठ्यांच्या हवाली केले. आज त्या शहराच्या तटात वाड्या आहेत. माडांच्या मधून चर्चच्या भिंती आणि कमानी वर येतात, आणि सातखणी मनोऱ्याचे उरलेले मजले लांबूनच दिसतात. त्या भिंतींवर चढू नये, दगड सुटलेले आहेत. खाडीपलीकडे डोंगराच्या सोंडेवर कोर्लई किल्ला आहे आणि त्याच्या पायथ्याच्या गावात अजूनही पोर्तुगीज-मराठी मिश्रणातून तयार झालेली बोली बोलली जाते. दोन दिवसांत कोर्लई बसवता येतो, मुरूड-जंजिरा बसवू नये. जंजिऱ्याला वेगळा शनिवार-रविवार द्यावा.

जेवण हंगामाप्रमाणे मागावे. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की पोपटीचे दिवस येतात: मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, मीठ आणि ओवा, वर पुन्हा पाला, मग मडके उपडे घालून भोवती पाचोळा पेटवायचा. पाण्याचा थेंब न घालता सगळे आपल्याच वाफेवर शिजते. हे शेतावर, चार माणसांनी मिळून करायचे काम आहे, म्हणून मुक्कामाच्या घरी आधी सांगून ठेवावे. मासळीत पापलेट-सुरमई मुंबईतही मिळते. इथे जिताडा मागावा. खारेपाटातल्या तळ्यांत वाढलेल्या जिताड्याची चव वेगळी असते. शाकाहारी माणसाला वालाचे बिरडे पुरेसे आहे. फेब्रुवारी-मार्चपासून अलिबागचा पांढरा कांदा बाजारात येतो. भात कापल्यावर त्याच शेतांत तो लावतात. चवीला गोडसर, पातीसकट माळेत विणलेला. २०२१ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. नावाचा भाव वाढल्यापासून दुसरीकडचा कांदाही याच नावाने विकला जातो, तेव्हा कार्ले, खंडाळे, वाघोडे या गावांच्या शेतकऱ्यांकडून घ्यावा.

परतीचे तिकीट जाण्याआधीच काढून ठेवावे. रविवारी दुपारनंतर मांडव्याच्या धक्क्यावर मोठी रांग लागते, गेटवेची शेवटची लाँच संध्याकाळीच सुटते आणि अलिबागहून मांडव्याला जायला गर्दीच्या वेळी तासही लागतो. मोटारीने जाणाऱ्यांची कोंडी वडखळ-पेणला होते. दुपारी तीनच्या आत निघावे किंवा रात्रीचे जेवण अलिबागेत उरकून निघावे. सोमवारी थोडे उशिरा कामावर जाणे शक्य असेल तर रविवारची रात्र तिथेच काढून सोमवारी सकाळची पहिली लाँच घ्यावी. समुद्र सकाळी सर्वांत शांत असतो, तिकीट सहज मिळते आणि ऑफिसलाही फार उशीर होत नाही.